बोलता न येणाऱ्या मुलीला खासगी अवयव कसे समजवायचे?

देवगडकरीण: वर्गातली मुलगी ६ वर्षांची, डाउन सिंड्रोम, दोन-तीन शब्दच बोलते. कुठेही फ्रॉक काढते. सुरुवात कुठून करू?

माडबाग: आंघोळ विहिरीकडे उघड्यावर होते का बघा. होत असेल तर ‘कपडे न्हाणीतच काढायचे’ हे तिला कळणारच नाही. न्हाणीच्या दारावर लाल खूण करा, तीच बाहुलीच्या चड्डीवर. रोज ५ मिनिटं पुरे. नावं खरी शिकवा: योनी, गुदद्वार. लाडाच्या नावांमुळे पुढे तिची तक्रारच कुणाला कळत नाही.

विशेष शिक्षक: ‘चांगला-वाईट स्पर्श’ इथे फसतो. शी धुताना रोज कुणाचा तरी हात लागतोच, आणि गुदगुल्या छानच वाटतात! धुणाऱ्या दोघा-तिघांचे फोटो न्हाणीत लावा. ‘चड्डी काढू?’ विचारून १० सेकंद थांबा. मान फिरवली तरी तो नकार, जरा वेळाने परत विचारा. चित्रफलकावर (बोट दाखवून सांगायचा चित्रांचा तक्ता) ‘नको’, ‘दुखतं’ आणि अवयव घाला, बहुतेकांत नसतात.

देवगडकरीण: गणपतीत चाकरमानी उचलून पाप्या घेतात, त्याचं काय?

माडबाग: नमस्काराचा सराव आत्तापासून घ्या. मोठ्यांनाही बजावा.

विशेष शिक्षक: संशय आला तर खोदून विचारू नका. तिचे शब्द, खुणा तशाच लिहून ठेवा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. पोक्सो, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.