झोपेतही पैसा येतो म्हणे! तुमचा अनुभव सांगा

वडगावची माहेरवाशीण
काल भाच्यानं रील पाठवलं. दिवसातनं दोन तास काम, बाकी पैसा आपोआप. आमचं बेळगावच्या वडगावातलं जुनं घर आठवलं. पुढच्या सोप्यात पॉवरलूम, मागं आम्ही राहायचो. माग आपोआप चालतो असं लोक म्हणायचे. चालायचा खरा, पण सुताची कांडी संपली की बदलायची, धाग्याची तार तुटली की थांबवून गाठ मारायची, नाहीतर साडीत दोष निघून मजुरी कापायचे. रात्री खडखडाट थांबला की आजी झोपेतनं उठून विचारायची, "लाईट गेली की तार तुटली?" भाचा नोकरी सोडायची म्हणतोय. त्याला नाउमेद करायचं नाही, पण खोटंही सांगायचं नाही. कमी कामात जास्त पैसा कुणाला जमलाय का? मनापासून लिहा.

उद्यमबाग
नोकरी सोडू नको म्हणावं. आधी संध्याकाळचं करून बघू दे.
मी हायड्रॉलिक पार्टचं जॉबवर्क करतो. माझं काम कमी झालं ते दोन गिऱ्हाईकं सोडल्यावर. रोज फोन, दर पाडून मागणार, पैसे मात्र तीन-तीन महिने नाहीत. ती गेली, बाकीच्यांचा माल वेळेत जायला लागला, कमाई घटली नाही. आता रविवारी घरी असतो. तेवढं त्या रीलमधलं खरं आहे. पण कुठलं गिऱ्हाईक सोडायचं हे कळायला आधी लेथवर वर्षं घालवावी लागतात.

कुंदावाली
मी घरून कुंदा विकते, दूध आटवून केलेली मिठाई. दूध आटताना कढईपाशी उभंच राहायला लागतं, हात थांबला की खाली लागतं आणि अख्ख्या कढईला करपट वास. हे कुणावर सोपवू?
आणि भाच्याला हे नक्की सांगा. माल विकणाऱ्याला कर्नाटकातल्या कर्नाटकात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण कोल्हापूरला एक डबा विकला की ती राज्याबाहेरची विक्री. मग उलाढाल कितीही असो, नोंदणी आली, रिटर्न आले. आपले निम्मे पाहुणे तिकडं, गिऱ्हाईकं पण तिकडचीच! रीलमध्ये हे कोण सांगतं?

पंत बाळेकुंद्री
चंदगडला पण??

कुंदावाली
चंदगड महाराष्ट्रातच की ओ.

निपाणीची लेक
आई विड्या वळायची. हजार विड्यांमागं मजुरी. पानं भिजवून कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, मान वर करायला सवड नाही. हात थांबला की पैसा थांबला. म्हणून कमी कष्टात मिळावं असं वाटण्यात मला काही गैर दिसत नाही, आईलाही वाटायचंच. चीड येते ती कोर्स विकणाऱ्यांची. धाकट्या भावानं फी भरली, आत शिकवलं काय, तर हाच कोर्स दुसऱ्यांना विका.

उद्यमबाग
वाईट वाटलं ताई. पैसे परत मिळाले का?

निपाणीची लेक
कुठले! नंबरच बंद.

गडवेडा
कुकर लावलाय, थोडक्यात लिहितो. माझं गडांचं यूट्यूब चॅनल आहे. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं जायला पाहिजे. एवढं होऊनही महिनाभर व्हिडिओ टाकला नाही तर माझे व्ह्यूज लगेच उतरतात. पारगडचा एक व्हिडिओ एडिट करायला अख्खी रात्र गेली. आवड आहे म्हणून करतो, घर नोकरीवर चालतं.

पंत बाळेकुंद्री
राजहंसगडाचा टाकलाय का? आईला सिद्धेश्वराच्या दर्शनाला न्यायचंय, चढायला जमत नाही तिला.

गडवेडा
गाडी वरपर्यंत जाते. पावसात नको, फरशी निसरडी असते.

खानापूर रोड
शेजाऱ्याला दोन गाळ्यांचं भाडं बसून मिळतं. पण ते गाळे त्याच्या वडलांनी आयुष्यभर गवंडीकाम करून बांधलेत. बसून खाणाऱ्याच्या आधी कुणीतरी राबलेलं असतंच. भाच्याला तेवढं विचारा, त्याच्या धंद्यात राबणार कोण?
रताळ्याचा आजचा भाव कुणाला माहीत आहे का?

वडगावची माहेरवाशीण
सगळं त्याला वाचायला पाठवलं. जीएसटीचं त्याला ठाऊकच नव्हतं. कुंदावाल्या ताई, दोन किलो हवाय, टिळकवाडीत पोचेल का?

कुंदावाली
पोचेल. शनिवारी करते, सकाळी दूध आलं की फोन करते.