हुआन दे ओन्यातेचा पुतळा काढला ते बरं झालं का?

रानवारा
१९९७-९८ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्काल्दे गावाजवळ कुणीतरी ओन्याते या स्पॅनिश विजेत्याच्या अश्वारूढ पुतळ्याचा उजवा पाय करवतीने कापून नेला. २०२० मध्ये पुतळाच तिथून काढला. माझ्या मते योग्य झालं.

ओन्याते मेक्सिकोतल्या झाकातेकासच्या खाणमालकाचा मुलगा, बायको मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसची नात. १५९८ मध्ये रिओ ग्रांदे नदीकाठी त्याने सगळा मुलूख स्पेनच्या राजाच्या नावे केला आणि पहिला गव्हर्नर झाला. त्याच डिसेंबरात त्याच्या नात्यातला हुआन दे साल्दीवार अकोमा या मूळ रहिवाशांच्या कड्यावरच्या गावी धान्य मागायला गेला. ऐन थंडीतला साठा कोण देणार? चकमक झाली, तो आणि डझनभर सैनिक मेले. जानेवारीत त्याचा भाऊ विसेन्ते तोफा घेऊन कडा चढला. सुमारे आठशे माणसं मारली गेली. उरलेल्यांतल्या २५ वर्षांवरच्या पुरुषांचं एक पाऊल तोडायचं आणि वर २० वर्षं गुलामी, ही शिक्षा खुद्द ओन्यातेची. बारा वर्षांवरच्या मुलीही त्या गुलामीतून सुटल्या नाहीत.

घाटमाथा
असहमत. पाऊल नव्हे, बोटं तोडली असावीत, असं काही अभ्यासक मानतात. मेंढ्या, गहू, मेक्सिकोपासूनचा राजरस्ता, तिथल्या हिस्पॅनो (स्पॅनिश वंशाच्या) कुटुंबांची भाषा, हे सगळं त्याच्याच तांड्याबरोबर उत्तरेला आलं. ती माणसं त्याला मूळपुरुष मानतात. १५९९ च्या माणसाला आजचं माप लावू नका.

रानवारा
आजचं माप लावतच नाहीये. १५७३ च्या स्पॅनिश फर्मानात 'विजय' हा शब्दसुद्धा वर्ज्य केला होता, त्याऐवजी 'शांतता प्रस्थापना' म्हणायचं. १६१४ मध्ये मेक्सिको शहरात ओन्यातेवर खटला चालला, अकोमातल्या क्रौर्याबद्दल तो दोषी ठरला. दंड झाला, न्यू मेक्सिकोतून कायमची हद्दपारी झाली. त्याच्याच काळाने, त्याच्याच राज्याने दिलेला निकाल आहे हा. आणि बोटं तोडली म्हणून गुन्हा हलका होतो का हो?

घाटमाथा
हलका होत नाही, ते मान्य. पण पुढे स्पेनमध्ये खाणींचा तपासनीस म्हणून त्याला पुन्हा मान मिळाला, हेही सांगा. निकाल एवढा अंतिम नव्हता.

वाटसरू
मी आल्बुकर्कीत राहते. अकोमा इथून पश्चिमेला तासाभराच्या वाटेवर आहे, कड्यावर आजही वस्ती आहे. आणखी पुढे एल मोर्रोच्या खडकावर ओन्यातेने १६०५ मध्ये 'इथून गेलो' असं कोरलंय. ते पुसा असं कुणी म्हणत नाही, सरकार जपतंय. खडकावरची ती ओळ त्याने स्वतः लिहिली. पुतळा मात्र आपल्या काळातल्या लोकांनी उभारला, तो कुणाचा आणि कुठे असावा हे ठरवायचा हक्कही आपल्याच काळातल्या लोकांचा.



घाटमाथा
एल मोर्रोबद्दल दुमत नाही. पुतळा संग्रहालयात ठेवा, शेजारी १६१४ चा निकाल लावा. वितळवू मात्र नका.