माळ दोन वर्षं शेवरीला सोडायचा का?

तांबडामाळ, खानापूर: आमचा दोन एकर माळ रताळी नि नाचणी काढून काढून पार निकस झालाय, युरिया टाकला की नुसता वेल माजतो आणि कंद बोटाएवढा, वळवाचं पाणी मुरतच नाही लाल होऊन ओढ्याला जातंय. म्हणून नुसती पड टाकण्यापेक्षा दोन वर्षं दाट शेवरी लावावी म्हणतो, पानमळ्यात वेलाला लावतात तीच. पूर्व झांबियात १९९०च्या आसपास प्रयोग झालेत, खताशिवाय हेक्टरी टन-दीड टन निघणारा मका दोन वर्षांच्या शेवरीनंतर ५ टनांवर गेला.

निपाणीचा शेतकरी: आणि ती दोन वर्षं खायचं काय? सोसायटीचा हप्ता थांबतोय व्हय. तिकडं माणसं विरळ, एक तुकडा सोडला तर दुसरा असतो, इथं भावाभावात वाटण्या होऊन रान गुंठ्यावर आलंय.

मातीपरीक्षण: शेवरीनं हवेतलं नत्र (नायट्रोजन) मातीत येतं हे खरंय, ओल असताना एक रोप उपटा नि मुळावरची गाठ नखानं फोडा, आत गुलाबी दिसली म्हणजे काम चालू हाय. पण स्फुरद (फॉस्फरस) काय ती हवेतून आणत नाही, आणि तांबड्या मातीत असलेलं पण पिकाला लवकर सुटत नाही. ते बाहेरून द्यावंच लागणार, नाहीतर तिसऱ्या वर्षी शेवरीला नाव ठेवाल.

शेरडंवाली: सुगी झाली की आमच्यात जनावरं मोकाट सुटतात, शेवरीचा पाला शेरडं एका दिवसात साफ करतील. झांबियात पण चराईचाच त्रास झाला. कुंपण कोण घालणार ते आधी सांगा, नाहीतर सरळ तूर पेरा, डाळ तरी घरात येईल.

तांबडामाळ, खानापूर: पटलं ताई, पण तुरीच्या शेंगा काढल्या की त्यातलं बरंच नत्र घरात जातंय, रानाला पाला नि मुळंच उरतात. सगळा माळ नाही सोडत, वरचा अर्धा एकर फक्त, तिथं तसंही बियाणं सुटत नाही. कुंपण मी घालतो, शेणखताबरोबर स्फुरद पण देतो.

निपाणीचा शेतकरी: तुमचं रान तुमच्या नावावर हाय म्हणून जमतंय. मी खंडानं करतो. तीन वर्षं ताग गाडून रान भुसभुशीत केलं, चौथ्या वर्षी मालकानं काढून घेतलं. आता मी शेवरी कुणासाठी लावू?