मदत हवी आहे: गेमिंग पीसीचा प्रोसेसर ९० अंशांवर जातोय. दोष उन्हाळ्याचा की कूलरचा?

काटेपूर्णा:

नमस्कार मंडळी,

घरचा गेमिंग पीसी गेले काही आठवडे भयंकर तापतोय. ज्याला विचारावं तो एकच उत्तर देतो, "अकोल्यात राहता, उन्हाळा आहे, तापणारच." मला हे पटत नाही. का पटत नाही ते आकड्यांसकट लिहिते, जाणकारांनी कृपया बघा.

पीसी असा आहे: प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० टीआय. कूलर लिक्विड, म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर गार ठेवणारा, २४० मिमी रेडिएटरचा. रेडिएटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसवलेला आहे, मागे एक फॅन गरम हवा बाहेर टाकतो. २०२१ च्या दिवाळीत जोडून घेतला. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसरचा वेग ठरल्यापेक्षा वाढवणं) केलेलं नाही, पीबीओ (आपोआप जादा वेग देणारी सेटिंग) बंद आहे.

खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. त्यामुळे उष्णता आमच्या पाचवीला पुजलेली, हे मान्य. पण गेल्या मे महिन्यातले एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वीज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. तेव्हा खोलीत ३८ अंश होते आणि व्हॅलोरंट खेळताना प्रोसेसर ७६ अंशांच्या आसपास राहायचा, वीज साधारण ८० वॉट घ्यायचा. आता तोच गेम, तीच सेटिंग, रात्रीच्या वेळी खोली ३३ अंशांवर असताना प्रोसेसर ९० ला टेकतो आणि वीज ७५ वॉटच घेतो. म्हणजे खोली थंड, काम कमी, तरी तापमान १४ अंशांनी जास्त. उन्हाळा हे कारण असतं तर हे उलटं दिसायला हवं होतं ना?

नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही ६८ दिसतात. सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरचा कस पाहणारी चाचणी लावली की लगेच ९० होतात, आणि मग प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून ८५ वॉटवर येतो. पूर्वी १२५ वॉटवर ८५ अंश असायचे.

इथल्या दुकानदाराने पाहिलं, फुंकून धूळ काढली आणि वर लिहिलेलंच उत्तर दिलं. घाई यासाठी आहे की माझा धाकटा भाऊ ॲनिमेशन शिकतो आणि त्याचं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवरचं सगळं काम याच मशीनवर चालतं. एकेक शॉट रेंडर व्हायला (अंतिम चित्र तयार व्हायला) आता इतका वेळ लागतोय की तो बिचारा रात्रभर जागून बघत बसतो, मध्येच बंद पडेल या भीतीने. जूनमध्ये त्याला पोर्टफोलिओ द्यायचाय.

प्रश्न दोन: नेमकं बिघडलंय काय, हे घरच्या घरी कसं ओळखू? आणि तोवर मशीन वापरलं तर प्रोसेसरला धोका आहे का?

---

सोल्डरगन:

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे भावाला झोप लागेल. ५८००एक्सची कमाल मर्यादा ९० अंशच आहे. तिथे पोचला की तो व्होल्टेज आणि वेग उतरवून स्वतःला सांभाळतो, आणि त्याही पलीकडे गेलाच तर मशीन बंद करतो. आजच्या आज जळून जाईल अशी भीती नको. मात्र कायमचं असं चालवू नका.

तुम्ही वॉट लिहिलेत हे फार चांगलं केलंत. नुसतं तापमान सांगितलं तर काहीच कळत नाही. खोलीचं तापमान वजा करून बघा: गेल्या वर्षी ७६ वजा ३८, म्हणजे ८० वॉटला ३८ अंशांची वाढ. आता ९० वजा ३३, म्हणजे ७५ वॉटला ५७ अंशांची. खोली एक अंश तापली की प्रोसेसरही साधारण एकच अंश वर जातो. १९ अंशांचा हा फरक हवामानाने पडत नाही. तुमचा संशय बरोबर आहे, उष्णता प्रोसेसरपासून दूर जाण्याच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

ही वाट अशी: प्रोसेसर, त्यावरची थर्मल पेस्ट (मधली फट भरून उष्णता पुढे नेणारा लेप), पंपाच्या ब्लॉकचा (प्रोसेसरवर बसणाऱ्या ठोकळ्याचा) तांब्याचा तळ, पाणी, रेडिएटर, शेवटी खोलीतली हवा. अडथळा कुठे आहे हे कूलर न खोलता बरंच कळतं. एवढं सांगा:

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) पंपाचा वेग किती दिसतो? रेडिएटर आणि त्याचे फॅन यांच्या मधली जागा कधी साफ झाली आहे का? आणि लोड (कामाचा भार) काढल्यावर तापमान झटकन उतरतं की रेंगाळत?

---

वर्धेचा वाटसरू:

थर्मल पेस्ट सुकली असणार. साडेतीन-चार वर्षांत सुकतेच. एमएक्स-६ किंवा एनटी-एच१ ची ट्यूब आणा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी लावा. अर्ध्या तासाचं काम.

---

सोल्डरगन:

@वर्धेचा वाटसरू, शक्यता आहे, पण ताईंनी इतक्यात ब्लॉक काढू नये असं मला वाटतं. हा एएम४ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) आहे, पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एकूण १३३१. सुकलेली पेस्ट ब्लॉकला इतकी घट्ट धरते की ओढल्यावर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात येतो आणि पिना वाकतात. काढायचाच झाला तर आधी मशीन थोडा वेळ लोडवर चालवून पेस्ट मऊ करायची, मग मशीन बंद करून मुख्य प्लग काढायचा, स्क्रू सोडवायचे आणि ब्लॉक वर न ओढता हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सुटा करायचा.

शिवाय पेस्टचा दोष वेगळा दिसतो. पेस्ट खराब असेल तर लोड येताच तापमान उडी मारतं आणि लोड काढताच तितक्याच झटक्यात खाली येतं, कारण पाणी थंडच असतं. पाणी फिरत नसेल तर ब्लॉकमधलं पाणीच तापतं, ते निवायला वेळ लागतो. आणि डेस्कटॉपवर ६८ हे मला पेस्टचं लक्षण वाटत नाही.

---

काटेपूर्णा:

सगळं तपासलं.

पंपाचा वेग बायोसमध्ये २६०० आरपीएमच्या आसपास स्थिर आहे, म्हणून पंप चालू आहे असं मी धरून चाललेय. लोड काढल्यावर तापमान आधी थोडं उतरतं आणि मग रेंगाळतं, ७० च्या खाली यायला बराच वेळ लागतो.

रेडिएटरचे फॅन काढून पाहिले आणि आत अक्षरशः कापसाची वाकळ निघाली. आमच्या घरामागे जिनिंग आहे, हंगामात तंतू हवेत असतातच. समोरची जाळी मी नेहमी धुते, पण फॅनच्या मागे ही गादी बसलेली बाहेरून दिसत नाही. मऊ ब्रशने सगळं काढलं, पत्रे वाकू दिले नाहीत. फॅन पुन्हा बसवून गेम लावला: ८७-८८. फरक पडला, पण दोन-तीन अंशांचाच.

---

सोल्डरगन:

साफ केलंत ते उत्तमच, पण मुख्य दुखणं ते नव्हतं हेही यातून कळलं.

पंपाच्या आरपीएमवर विसंबू नका. तो आकडा मोटर फिरते एवढंच सांगतो, पाणी वाहतंय की नाही ते सांगत नाही. आता हाताने तपासा. सिनेबेंच दहा मिनिटं चालू ठेवा आणि ब्लॉकमधून निघणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावा. प्रवाह ठीक असेल तर दोन्ही जवळपास सारख्याच कोमट लागतात, कारण पाणी इतक्या वेगाने फिरतं की एका फेरीत ते एक-दोन अंशच तापतं. प्रवाह मंदावला की तेच थोडं पाणी ब्लॉकमध्ये रेंगाळून खूप तापतं, म्हणून एक नळी चटका देते आणि परत येणारी खोलीइतकी गार राहते. रेडिएटरलाही हात लावा, तो एका कोपऱ्यात गरम आणि बाकी गार आहे का बघा.

---

चिखलदरा:

विषय थोडा वेगळा, पण ताई अकोल्याच्या आहेत म्हणून विचारतो. खोलीत डेझर्ट कूलर आहे का? असेल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. दमट हवेचं भय लोकांना वाटतं तेवढं नसतं. पीसीचे भाग खोलीच्या हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. त्रास उडणाऱ्या थेंबांचा असतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, थेंब सुकला की क्षाराची पांढरी पूड मागे राहते, आणि ओल्या हवेत धूळ नि कापूस पत्र्यांना चिकटून बसतो, मग ब्रशनेही निघत नाही. खिडकी उघडी ठेवून कूलर लावला तर खोलीही जास्त गार होते आणि दमटपणाही साठत नाही.

---

काटेपूर्णा:

@चिखलदरा, कूलर आहे आणि झोत बरोबर टेबलावरच येत होता. फिरवला. धन्यवाद दादा.

@सोल्डरगन, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं. एका नळीवर हात ठेवला की लगेच काढावासा वाटतो, दुसरी अगदी गार. रेडिएटरचा फक्त नळीजवळचा भाग गरम, बाकी सगळा थंड. भावाने पण हात लावून पाहिलं. निदान कारण हाती लागलं याचंच आम्हाला इतकं बरं वाटलं!

आता हे दुरुस्त होतं का? आणि भावाचं काम तोवर कसं चालवायचं?

---

सोल्डरगन:

निदान पक्कं झालं, पाणी वाहत नाहीये. कारणं मुख्यतः दोन. या बंद कूलरमधलं पाणी वर्षानुवर्षं रबरी नळ्यांमधून अगदी सूक्ष्म प्रमाणात बाहेर झिरपतं आणि आत हवेची पोकळी होते. ती पंपाशी आली की पंप नुसता हवा घुसळतो. दुसरं, ब्लॉकच्या तळाशी केसासारख्या बारीक खाचा असतात, त्यांत गाळ साचतो. मशीन बंद करून कॅबिनेट हळूच आडवं करा, थोडा वेळ ठेवा, पुन्हा उभं करून चालू करा. गुळगुळ आवाज येऊन तापमान उतरलं तर हवा, काहीच फरक पडला नाही तर बहुधा गाळ.

दोन्हींपैकी काहीही असो, सीलबंद कूलर घरी खोलू नका. बिल शोधा. या प्रकारच्या बऱ्याच कूलरना ५ वर्षांची वॉरंटी असते आणि तुमचा २०२१ चा आहे.

तोवर भावाचं काम: बायोसमध्ये पीबीओच्या पानावर मर्यादा हाताने देता येतात. लोक सरसकट इको मोड (कमी वीज घेणारी तयार सेटिंग) सुचवतील, पण ५८००एक्सला ६५ वॉटचा इको मोड लावला तरी प्रत्यक्षात ८८ वॉटची परवानगी मिळते, आणि तुमचा कूलर तर ८५ वॉटलाच हात टेकतोय. म्हणून पीपीटी (प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) थेट ६० वॉट करा. गेममध्ये एफपीएसला (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांना) ६० ची मर्यादा लावा. आणि भावाला विचारा, रेंडर सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये) प्रोसेसरवर होतंय की ग्राफिक्स कार्डवर? ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीमखाली ऑप्टिक्स (ग्राफिक्स कार्डवर रेंडर करण्याची पद्धत) निवडलं आणि सीनमध्ये डिव्हाइस जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) केलं, तर सगळा भार ३०६० टीआयवर जाईल. तिचे फॅन वेगळे आहेत, तिला या बिघाडाशी काही घेणंदेणं नाही. सीन तिच्या ८ जीबी मेमरीत मावला पाहिजे, एवढंच बघा.

---

काटेपूर्णा:

कॅबिनेट आडवं करून पाहिलं, काहीच फरक नाही. बिल मिळालं, ५ वर्षांची वॉरंटी लिहिलेली आहे, म्हणजे २०२६ च्या दिवाळीपर्यंत मुदत. पण कूलर कुरिअरने पाठवायचा आहे आणि बदली यायला किती वेळ लागेल ते कोणी सांगत नाही.

पीपीटी ६० केल्यावर व्हॅलोरंटमध्ये ७६-७७, आणि खेळताना मला फरक जाणवला नाही. ऑप्टिक्सने तर कमालच केली. भाऊ आजवर प्रोसेसरवरच रेंडर करत होता, क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं. आता मशीन तापतही नाही आणि शॉट पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर निघतो. तो काल रात्री निवांत झोपला. तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही.

एक शेवटचं विचारते. लिक्विड कूलर वॉरंटीला पाठवला की पीसी उघडा पडेल, म्हणून एक एअर कूलर घ्यायचा विचार आहे. बजेट ४ हजारांपर्यंत. आमच्या गर्मीत ५८००एक्सला हवेचा कूलर झेपेल का?

---

सोल्डरगन:

झेपेल. पत्र्यांचे दोन मनोरे आणि १२० मिमीचे दोन फॅन असलेला घ्या, उदाहरणार्थ थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई. उंची १५५ मिमी आहे, आधी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कमाल उंची बघा आणि रॅमवर उंच पत्रे असतील तर पुढचा फॅन थोडा वर सरकवावा लागेल, तेवढी जागा धरा. खोली ४० अंशांवर असताना पूर्ण लोडला हा प्रोसेसर ८५ च्या आसपास गेला तर घाबरू नका. आठही कोर एका ८० चौरस मिमीच्या तुकड्यात दाटलेले आहेत, उष्णता बाहेर पडायला जागाच थोडी मिळते. पीपीटी १०५-११० वर ठेवलात तर तापमान बरंच उतरेल आणि वेग थोडाच कमी होईल.

खरेदीआधी एक गोष्ट नक्की शोधा. लिक्विड कूलर बसवताना मदरबोर्डचे मूळ काळे प्लास्टिक ब्रॅकेट आणि कधी कधी मागची धातूची पट्टीही काढलेली असते. बहुतेक एअर कूलर एएम४ वर त्याच मूळ पट्टीला बसतात. मदरबोर्डच्या खोक्यात बघा, नसेल तर ज्या दुकानातून जोडून घेतलात तिथे मागा.

---

वर्धेचा वाटसरू:

आणि ताई, नवा कूलर बसवला की त्याच्या फॅनची वायर पंपाच्या हेडरवर (मदरबोर्डवरच्या पिनांच्या जोडणीवर) लावू नका, तो हेडर बहुतेक बोर्डांवर कायम पूर्ण वेगाने चालतो. सीपीयू फॅन लिहिलेल्या हेडरवर लावा आणि बायोसमध्ये वेगाचा आलेख ६० अंशांपासून चढता ठेवा. ब्लॉक काढताना सोल्डरगनभाऊंनी सांगितलेलं फिरवून काढायचं तंत्र वापरा, पेस्टबद्दल मी घाईने बोललो तरी ते मात्र खरंच महत्त्वाचं आहे.

---

काटेपूर्णा:

पट्टी मिळाली, मदरबोर्डच्या खोक्यातच होती, चारही स्क्रूंसकट. कॅबिनेटची कमाल उंची १६० मिमी लिहिली आहे, म्हणजे बसेल. कूलर आजच मागवते. बसवला की खोलीचं तापमान, वॉट आणि प्रोसेसरचं तापमान तिन्ही आकडे इथेच टाकेन.