चढ −२/३ आणि बिंदू (−४, ५): रेषेचं समीकरण काहून चुकते?

अकरावी_महाल (नागपूर):
सर, माझं उत्तर २क्ष + ३य − २३ = ० येते. पुस्तकात शेवटी −७ आहे. तीनदा करून पाहिलं.

धरमपेठ_गणित:
सूत्र य − य₁ = म(क्ष − क्ष₁); म म्हणजे चढ, (क्ष₁, य₁) म्हणजे दिलेला बिंदू. तुझा क्ष₁ = −४, म्हणजे कंसात क्ष − (−४), अर्थात क्ष + ४ यायला पाहिजे. तू क्ष − ४ लिहिलंस, −२३ तिथूनच आला.
य − ५ = −२/३(क्ष + ४)
दोन्ही बाजूंना ३ ने गुण: ३य − १५ = −२क्ष − ८
म्हणून २क्ष + ३य − ७ = ०.
इथे ३ ने गुणताना ५ चे १५ करायचं राहून जाते, तेही बघ. आणि पडताळा घेतल्याशिवाय वही मिटायची नाही: −८ + १५ − ७ = ०, जमलं. तुझ्या समीकरणात −१६ येते. तीनदा सोडवण्यापेक्षा एकदा बिंदू ठेवून पाहिला असता तर पाच सेकंदांत कळलं असतं!

बर्डीवाला:
वस्तुनिष्ठ प्रश्नाला एवढं कशाला? चढ −२/३ म्हणजे डावी बाजू २क्ष + ३य ठरलेलीच. बिंदू ठेव: २(−४) + ३(५) = ७. झालं. आलेखासाठी (−४, ५) पासून ३ उजवीकडे, २ खाली: (−१, ३).

अकरावी_महाल:
कंसातच घोळ होता. रेषा उभी असली तर?

धरमपेठ_गणित:
चढ अस्तित्वातच नसतो, सूत्र चालत नाही. थेट क्ष = −४ लिही.