डीएनएससेक ‘दोन मिनिटांचं काम’ नाही

सर्व्हरवाला_पेठेतला: ‘होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डीएनएससेक चालू करा, दोन मिनिटांत साइट सुरक्षित’ हा कालचा सल्ला वाचून डोकं फिरलं. डीएनएससेक म्हणजे डीएनएसच्या (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) उत्तरांवर डिजिटल सही, खोटं उत्तर ओळखू यावं म्हणून. पॅनेल फक्त त्या सहीच्या किल्ल्या बनवतं आणि झोनवर (डोमेनच्या नोंदींवर) सही करतं. त्याने दिलेला डीएस रेकॉर्ड, म्हणजे किल्लीचा ठसा (की टॅग, अल्गोरिदम 13, डायजेस्ट प्रकार 2 आणि ती लांबलचक ओळ) रजिस्ट्रारकडे (जिथे डोमेन नोंदवलं त्या कंपनीकडे) भरेपर्यंत उपयोग शून्य. खरा घात पुढेच. होस्टिंग बदललं, नेमसर्व्हर (डोमेनबद्दलची उत्तरं देणारे सर्व्हर) बदलले आणि जुना डीएस तसाच राहिला, की गूगलच्या 8.8.8.8 सारखे रिझॉल्व्हर (आपल्यासाठी पत्ता शोधणारे सर्व्हर) सही जुळत नाही म्हणून पत्त्याऐवजी सरळ ‘सर्व्हफेल’ ही एरर देतात. तुळशीबागेतल्या माझ्या एका गिऱ्हाइकाची साइट ऐन दिवाळीत अशी गेली. ऑर्डरी थांबल्या, मेलही येईनात. डॉट कॉममध्ये डीएसचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) 86400 सेकंद, म्हणजे दुरुस्ती केल्यावरही काहींना दिवसभर साइट दिसत नाही. छोट्या दुकानदाराने या भानगडीत पडूच नये.

कर्वेनगरकर: साइट हलवणाऱ्याचा राग डीएनएससेकवर कशाला? आधी डीएस काढायचा, टीटीएल संपू द्यायचा, मग नेमसर्व्हर बदलायचे. रिझॉल्व्हरच्या कॅशमध्ये (साठवलेल्या उत्तरांत) खोटी उत्तरं किती सहज पेरता येतात हे सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्कीने 2008 मध्ये दाखवलं, 2010 मध्ये रूट झोनवर (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पातळीवर) सही झाली, आणि आपण अजून ‘भानगड’च म्हणतोय.

सर्व्हरवाला_पेठेतला: खोट्या साइटपासून वाचवायला एचटीटीपीएस (ब्राउझरमधलं कुलूप) आहे ना! 2021 मध्ये डीएस मागे घेताना स्लॅक (ऑफिसांसाठीचं चॅट अ‍ॅप) कोलमडलं. त्यांच्याकडे इंजिनिअरांची फौज होती. तुळशीबागेत कोण आहे?

कर्वेनगरकर: एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र देणारेही डोमेन कुणाचं ते डीएनएसला विचारूनच ठरवतात. तिथेच खोटं उत्तर मिळालं तर तुमचं एचटीटीपीएस काय करणार?

क्लासवाल्या_बाई: तुमचं चालू द्या, पण डीएस भरायचा कुठे? माझ्या क्लासच्या डोमेनचं लॉगिनच माझ्याकडे नाही. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेनच स्वतःच्या नावावर घेतलंय. मागितलं की ‘मॅडम, मी करतो ना’. पैसे दरवर्षी माझे, मालकी त्याची.

सोसायटी_सेक्रेटरी: आमचंही तेच! तो माणूस आता फोनही उचलत नाही. ट्रान्सफर कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायला लागतो तो) मागायचा कुणाकडे?

सर्व्हरवाला_पेठेतला: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. गिऱ्हाइकं पासवर्ड हरवतात आणि रात्री अकराला आम्हाला उठवतात, म्हणून लॉगिन आम्ही ठेवतो.

क्लासवाल्या_बाई: सांभाळायला ठेवणं वेगळं, नावावर करून घेणं वेगळं. माझ्या क्लासचं नाव आहे ते! उद्या तुम्ही धंदा बंद केलात तर मी पोरांच्या आईवडिलांना नवा पत्ता वाटत फिरू?

सर्व्हरवाला_पेठेतला: नोंदणी गिऱ्हाइकाच्याच नावावर आणि मेलवर हवी, हे मान्य. त्यात वाद नाही. पण डीएनएससेकबद्दल माझं मत तेच.

कर्वेनगरकर: मग निदान साइट हलवण्याआधी डीएस बघत जा. आणि बाई, डीएनएससेक राहू द्या, आधी नोंदणीतला मेल बदलून घ्या. लेखी मागा.