मदत हवी आहे : एका अंजिराची फळे गोटीएवढी होऊन गळतात, दुसऱ्याची बेचव लागतात

नमस्कार.

आमचे घर सोलापुरात विजापूर रस्त्याला आहे आणि निळी प्लास्टिकची पिंपे मधोमध कापून केलेल्या कुंड्यांत मी गच्चीवर अंजिराची चार झाडे वाढवली आहेत. डाळिंबाच्या जिल्ह्यात राहून हा अंजिराचा नाद कशासाठी, असे घरातलेही विचारतात. पण झाडावर पूर्ण पिकलेले अंजीर एकदा खाल्ले की बाजारातले, टोपलीतच निम्मे आंबलेले, अंजीर विकत घेववत नाही.

पहिले झाड पूना फिगचे, सासवडहून आणलेल्या गुटी कलमाचे (म्हणजे झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेल्या रोपाचे). उन्हाळ्यात येणाऱ्या मीठा बहराची त्याची फळे पातळ सालीची, आतून गुलाबी आणि मधाळ असतात. पावसाळ्यात धरलेल्या खट्टा बहराची मात्र पाणचट निघतात. दुसरे डायना जातीचे आहे. त्याचे फळ मोठे, फिकट पिवळसर हिरवे. गोडी भरपूर पण स्वाद बेताचा, त्यामुळे माझ्या मते ते सुकवायलाच बरे. या दोघांबद्दल माझी तक्रार नाही.

तिसरे झाड पनाशे जातीचे, म्हणजे ज्याला काही रोपवाटिकांत टायगर अंजीर म्हणतात ते. फळावर आणि कोवळ्या फांदीवरही हिरवे-पिवळे पट्टे, आणि कापल्यावर गर लालभडक. दिसायला इतके देखणे फळ मी दुसरे पाहिलेले नाही. त्याच्या गराची चव आंबटगोड आणि दाट असते असे सर्वत्र वर्णन आढळते, परंतु माझ्या झाडाची फळे सलग दोन वर्षे ओल्या कापसासारखी लागली. ती इतर दोन जातींपेक्षा बरीच उशिरा तयार होतात, तोवर आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर गेलेला असतो, आणि बुलबुलांनी फोडण्याआधी मिळावीत म्हणून मी ती रंग किंचित बदलताच उतरवून दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवतो.

खरी काळजी चौथ्या झाडाची आहे. हे माझ्या मावशींनी दिले. त्यांनी सुक्या अंजिराच्या बिया सहज म्हणून मातीत टाकल्या होत्या, त्यांतले हे एक रोप. आता ते सहा वर्षांचे आहे, बुंधा मनगटाएवढा आहे, पाने निरोगी आहेत. गेली दोन वर्षे फळेही भरपूर धरतात, पण एकूण एक फळ गोटीएवढे झाले की सुरकुतते, पिवळे पडते आणि गळते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते, म्हणून प्रथम मी पाण्याच्या अनियमिततेला दोष दिला आणि टाकीतून ठिबक जोडून रोज ठरावीक पाणी देऊ लागलो. शेणखत आणि निंबोळी पेंड दिली, एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हासाठी शेडनेट बांधले. गळ जशीच्या तशी आहे, आणि शेजारच्या पिंपातले पूना फिग त्याच पाण्यावर व्यवस्थित फळते. हे झाड आणखी किती वर्षे सांभाळावे, आणि पट्टेरी अंजीर सोलापूरच्या हवेत चवीला येणारच नाही असे समजावे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (पुरंदर तालुक्यातून)

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मावशींच्या बियांत आहे. पूना फिग, डायना, पनाशे या जातींची फळे परागणाशिवाय वाढतात आणि पिकतात. याउलट स्मिर्ना गटातील अंजिरांना नर अंजिरातून पराग आणणारी ब्लास्टोफॅगा नावाची बारीक गांधीलमाशी लागते; ती नसेल तर फळ गोटीएवढे होऊन गळते. सुक्या अंजिराची बी उगवली याचाच अर्थ ते फळ परागण झालेले होते, कारण परागण न झालेल्या अंजिराची बी पोकळ असते. अशा बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि उरलेल्या माद्यांपैकी बहुतेकींना माशी लागते. कॅलिफोर्नियातील बागाइतदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुर्कस्तानातून स्मिर्नाची कलमे नेली, तेव्हा त्यांचीही फळे वर्षानुवर्षे अशीच गळली आणि आपल्याला मुद्दाम निकृष्ट कलमे दिली असा अनेकांचा समज झाला. 1899 मध्ये फ्रेस्नोजवळ ही माशी स्थिरावली तेव्हा कोडे सुटले. तेव्हा पाणी, खत आणि शेडनेट यांचा यात काहीही दोष नाही.

गळालेले एक फळ उभे कापून पाहा. डोळ्याजवळ (फळाच्या टोकाच्या बारीक छिद्राजवळ), आतल्या बाजूने, पुंकेसरांचे कडे दिसले तर झाड नर आहे.

पट्टेरी अंजिराबाबत मात्र दोष तुमच्या घाईचा आहे, रागावू नये. अंजीर आंब्यासारखे अढीत पिकत नाही; तोडल्यावर मऊ पडते, पण साखर वाढत नाही. फळाची मान पूर्ण वाकून ते खाली लोंबले पाहिजे, सालीला बारीक चिरा पडल्या पाहिजेत आणि डोळ्याशी मधाचा थेंब दिसला तर उत्तमच. पनाशे जात मुळातच उशिरा पिकणारी आहे, म्हणून तिथे धीर जास्त लागतो. प्रत्येक फळाला मलमलची छोटी पिशवी बांधा, म्हणजे बुलबुलांचा प्रश्न मिटेल. फळे पिकू लागली की पाणी थोडे कमी करा, पण एकदम तोडून नंतर भरपूर देऊ नका, फळे फुटतील. पावसाळ्यात पानांच्या मागे तांबेरा (तांबूस ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग) दिसल्यास गळलेली पाने गोळा करून नष्ट करा.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज सकाळी गळालेली पाच फळे कापली. पाचही फळांत डोळ्याच्या आतल्या बाजूला फिकट पुंकेसरांचे कडे स्पष्ट दिसले, म्हणजे सहा वर्षे मी ज्याची मनधरणी करत होतो तो नर आहे. मावशींना फोनवर सांगितले तर त्या म्हणाल्या, "मग काढू नकोस, त्याला कामाला लाव." मलाही ते पटते, कारण इतका सशक्त बुंधा आणि मुळे वाया घालवणे जिवावर येते. हिवाळा सरता सरता बुंधा छाटून त्यावर पनाशेचे कलम करण्याचा विचार आहे. अंजिराचा चीक हाताला लागून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते हे मागे एकदा अनुभवले आहे, त्यामुळे हातमोजे घालून संध्याकाळीच काम करीन. फक्त एवढे सांगावे, की मनगटाएवढ्या बुंध्यावर थेट पाचर कलम करावे (बुंध्याला चीर देऊन तीत पनाशेची काडी बसवावी), की छाटणीनंतर फुटणाऱ्या नव्या फांद्यांवर डोळा (पनाशेच्या फांदीवरची कळी) भरावा?